भोपळा एक्स्प्रेस

मॉडेल ट्रेनवाल्यांची एक वेगळीच जमात असते. अमेरिकेत तर जरा जास्तच. बेसमेंटमध्ये वीस-वीस वर्षं एकच लेआउट बांधत बसलेले काका इथे हमखास भेटतात. डोंगर, बोगदे, लोखंडी पूल, गाव, गावातल्या दुकानांवरच्या चक्क वाचता येणाऱ्या पाट्या... सगळं जाम भारी. फक्त एकच भानगड. हात लावायचा नाही! पोरांनी हात मागे बांधून बघायचं आणि मोठ्यांनी दर दोन मिनिटांनी ‘वॉव’ म्हणायचं. कुणाच्या तरी वीस वर्षांच्या मेहनतीवर आपल्या कार्ट्याचं कोपर पडलं तर काय, या टेन्शनमध्येच निम्मी मजा खल्लास.

म्हणून मी त्या पार्टीत नाही. मी टेंपररीवाली. ऑक्टोबरच्या मध्याला डायनिंग टेबलवर मांडायचा, हॅलोविन झालं की मोडायचा, असा लेआउट. ज्याला हात लावायचाच असतो. आणि यात माझा नाइलाज वगैरे आहे असं समजू नका. न्यू जर्सीत भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो, बेसमेंट नाही, हे खरं. पण उद्या कुणी बेसमेंट दिलं तरी मी टेबलच घेईन.

तसं बघितलं तर सणासुदीला घरात ट्रेन काढणं ही इथली जुनी हौस. ख्रिसमसच्या झाडाखाली गोल गोल फिरणारी गाडी तुम्ही सिनेमांत शंभरदा पाहिली असेल. तिच्याही आधी पेनसिल्व्हेनियातल्या मोरेव्हियन पंथाच्या लोकांकडे येशूजन्माचा देखावा आणि त्याभोवती छोटंसं गाव मांडायची पद्धत होती. त्याला ‘पुट्झ’ म्हणतात. सजवणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेलं नाव. विजेवरची गाडी त्यात नंतर घुसली. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल काउएनने १९०० मध्ये कंपनी काढली. त्याची पहिली गाडी खेळणं म्हणून नव्हतीच मुळी. दुकानाच्या काचेत फिरवून गिऱ्हाईक खेचायला होती. गिऱ्हाइकांनी काचेतला माल सोडून गाडीच मागितली! गाव अधिक गाडी हा फॉर्म्युला मग ख्रिसमसला चिकटला तो चिकटलाच. हॅलोविनवाल्यांनी तोच उचलला. आता लेमॅक्स कंपनीचं ‘स्पूकी टाउन’ आहे, डिपार्टमेंट ५६ ची भुताटकीची घरं आहेत, आत दिवे लागणारी, खिडकीत चेटकीण हलणारी.

हे वाचताना तुम्हाला दिवाळीचा किल्ला आठवला ना? मलाही. त्याच्याकडे नंतर येतेच.

आधी हे खूळ डोक्यात शिरलं कसं ते सांगते. कारण आहे बारा फूट उंच. इथल्या होम डेपो नावाच्या दुकानसाखळीने २०२० मध्ये बारा फुटी प्लास्टिकचा सांगाडा बाजारात आणला, किंमत २९९ डॉलर, आणि लोकांनी त्यावर अक्षरशः उड्या टाकल्या. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या घराबाहेर त्यातलाच एक उभा राहिला. डोळे रात्री लुकलुकतात. आमच्या कन्यारत्नाचा, वय वर्षं सहा, स्कूलबसचा थांबा नेमका त्याच्या समोर. मग काय, रोज सकाळी माझं बोट घट्ट धरून, डोळे गच्च मिटून ते वीस-पंचवीस पावलांचं अंतर पार करायचं. नवरोबांनी समजावून पाहिलं, ‘अगं प्लास्टिक आहे ते.’ आता भीती वाटणाऱ्या माणसाला मटेरियल सांगून काय उपयोग? तिला ठाऊक होतं ते प्लास्टिक आहे. प्लास्टिकचा का होईना, बारा फुटी होता.

मॉडेल ट्रेनमध्ये सगळ्यात लोकप्रिय माप आहे एचओ स्केल. १:८७. म्हणजे सहा फुटी माणूस साधारण दोन सेंटिमीटरचा होतो. कॅल्क्युलेटर काढला. बारा फुटी सांगाडा? ४.२ सेंटिमीटर! पार्टीच्या सामानाच्या दुकानात चिमुकल्या सांगाड्यांची अख्खी पिशवी मिळते. टेबल ठरलं, स्केल ठरलं, खलनायकही ठरला.

आता कामाचं बोलू. बॅकमन कंपनीचा साधा स्टार्टर सेट घेतला की त्यात इंजिन, दोन-तीन डबे, कंट्रोलर आणि रुळांचा एक लंबगोल येतो. रूळ प्लास्टिकच्या खडीसकट असतात, खटाखट जोडायचे, खिळे नाहीत, डिंक नाही. बारा वळणाचे तुकडे जोडले की पूर्ण गोल. वळणाची त्रिज्या १८ इंच, त्यामुळे पूर्ण लंबगोल भरतो ५६ बाय ३८ इंच. आणि इथेच पहिली गोची. आमचं टेबल पाच फूट बाय तीन फूट. म्हणजे रुंदी ३६ इंच आणि रूळ ३८! दोन इंचांसाठी कुणी टेबल बदलत नाही. उपाय असा, की घराच्या भिंतीत थंडी अडवायला घालतात तो दोन इंच जाडीचा गुलाबी फोम आणायचा. दोन बाय दोन फुटांचे सुटे तुकडे मिळतात. खाली जुनी चादर, वर सहा तुकडे मांडले की झालं सहा बाय चार फुटांचं मैदान. सगळीकडून सहा इंच टेबलाबाहेर येतं, पण फोम कडक असतो, झेपतं. सांध्यांवर रंगाऱ्यांची निळी टेप. आणि घरात एकच नियम, कडेवर कोपर टेकायचं नाही. (हो, मीही नियम केलाच. पण एकच.)

फोमचं वैशिष्ट्य म्हणजे तो भाजी चिरायच्या सुरीनेही कापला जातो. त्याच तुकड्यांचे थर एकमेकांवर रचले की डोंगर. थर चिकटवायचे नाहीत हं. कबाबच्या बांबूच्या काड्या वरून खाली टोचायच्या, डोंगर हलत नाही आणि मोडताना काड्या उपसल्या की सुटा. पोटातून बोगदा काढायचा तर रुळापासून वर तीन इंच मोकळे हवेत. बाजूलाही जास्त जागा सोडायची, कारण वळणावर लांब डब्याचं पोट आत झुकतं आणि टोकं बाहेर. शिवाय मागची बाजू उघडी ठेवायची. गाडी रुळावरून उतरते ती नेहमी बोगद्यातच, हा काही शास्त्रीय नियम नाही, पण अनुभव तसाच आहे. हात आत जायला हवा. रंग द्यायचा तर भिंतीचा साधा पाण्यातला रंग. स्प्रे पेंट मारलात तर फोम विरघळतो, डोळ्यांदेखत.

विजेचा भाग अगदी सोपा. रुळांतून १२ व्होल्टपर्यंत डीसी करंट जातो, कंट्रोलरचं बटण फिरवलं की व्होल्टेज वाढतं, गाडी पळते. दिशा बदलायचा खटका दाबला की धन-ऋण उलटं होतं, गाडी उलटी. सहा वर्षांच्या मुलीला हे दोन मिनिटांत कळतं. तिसऱ्या मिनिटाला ती बटण शेवटपर्यंत फिरवते आणि इंजिन वळणावरून थेट जमिनीवर. म्हणून बटणाच्या कडेला निम्म्यावर एक लाल टिकली चिकटवायची. टिकलीच्या पुढे जायचं नाही. (इथून भारतात कुणी सेट आणणार असेल तर त्याचा ॲडॉप्टर आधी वाचा. अमेरिकेतला फक्त १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच फेरीत स्वर्गवासी.)

आणि आता खरी गंमत, अंधार. हॅलोविनच्या लेआउटचा सगळ्यात मोठा फायदा हा, की तो दिवे मालवून बघायचा असतो. ट्रेनवाल्या मंडळींत ‘रिव्हेट काउंटर’ नावाचा एक उपप्रकार आहे, इंजिनावरचे रिव्हेट मोजून ‘चुकलंय’ म्हणणारे. अंधारात त्यांचं काही चालत नाही. स्पूकी टाउनची घरं खरं तर १:८७ पेक्षा मोठी असतात. दारं बघितलीत तर शेजारच्या माणसाच्या तिप्पट. ती पुढे ठेवायची, बारकी घरं मागे डोंगरावर, की मागचं गाव लांब असल्यासारखं वाटतं. नारिंगी आणि जांभळ्या एलईडीच्या माळा घरांमागे लपवायच्या, बोगद्यात एक बॅटरीवरचा लुकलुकता दिवा, झालं. इंजिनाचा पिवळा हेडलाइट त्या काळोखातून हळूहळू येताना दिसतो तेव्हा मोठी माणसंसुद्धा गप्प होतात. आमचे शेजारी झाले.

एक इशारा. कोळ्याच्या जाळ्यासाठी जो ताणायचा कापूस मिळतो तो रुळांपासून चार बोटं लांब ठेवा. नवरोबांनी अतिउत्साहात तो पुलावरून थेट सिग्नलपर्यंत ताणला. तिसऱ्या फेरीत त्याचा धागा चाकाच्या कण्यात गेला आणि बघता बघता इंजिनाखाली टकळीसारखं सूत निघालं. संध्याकाळ चिमटा घेऊन बसण्यात गेली. धूर-बीर, ड्राय आइस या फंदातही पडू नका. बंद खोलीत तो कार्बन डायऑक्साइड बरा नव्हे, आणि सहा वर्षांची बोटं आणि उणे ७८ अंशांचा बर्फ यांची गाठ घालून देण्यात काही शौर्य नाही.

गाडीला गोष्ट हवीच. इथे भुताच्या गाड्यांच्या दंतकथांना तोटा नाही. सगळ्यात प्रसिद्ध लिंकनची. १८६५ च्या एप्रिलमध्ये त्याची हत्या झाल्यावर शव घेऊन वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला काळ्या कापडात मढवलेली गाडी निघाली. २१ एप्रिलला निघून ३ मेला पोचली. वाटेत ती आमच्या न्यू जर्सीतूनही गेली, ट्रेंटन, न्यूअर्क, जर्सी सिटी. त्यानंतर दर एप्रिलमध्ये हडसन नदीकाठच्या रुळांवरून ती गाडी आवाज न करता जाते आणि ती गेली की घड्याळं बंद पडतात, अशी कथा. मी ती लेकीला सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग ती लेट होते का?’ लिंकन बाद! तिला हवी होती भोपळ्याची गाडी. भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेली म्हातारी ही तिची आवडती गोष्ट, माझ्या आईने फोनवर पन्नासदा सांगितलेली. हौशी सामानाच्या दुकानात इंचभराचे प्लास्टिकचे भोपळे मिळतात. एक इंच म्हणजे १:८७ मध्ये सव्वासात फूट. आजी आरामात मावते! एक भोपळा वरून कापला, दोन सेंटिमीटरची एक बाई आत बसवली, पिनेच्या टोकाने तिला हिरवं लुगडं रंगवलं आणि भोपळा उघड्या वाघिणीत ठेवला. भोपळा एक्स्प्रेस तयार.

सांगाडा कुठे ठेवायचा हे मी तिच्यावर सोडलं. पहिले दोन दिवस तो पिशवीतून बाहेरच आला नाही. तिसऱ्या दिवशी लेआउटच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, घरामागे, तोंड भिंतीकडे. मग रुळाच्या जरा जवळ. गाडी त्याच्यासमोरून जायची ती टिकली ओलांडून, फुल स्पीडमध्ये. मी काही बोलले नाही. कंट्रोलर तिच्या हातात होता आणि तो तिथेच असणं महत्त्वाचं होतं. चार-पाच दिवसांनी ऑफिसच्या कॉलवर असताना माझ्या कानावर आलं, ‘पुढील स्टेशन, सांगाडा.’ गाडी थांबली. म्हातारी उतरली नाही, पण थांबली.

बेसमेंटवाल्या काकांच्या लेआउटमध्ये हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तिथे सांगाड्याची जागा काकांनी ठरवली असती, आणि ती बदलायला रिटायरमेंटपर्यंत थांबावं लागलं असतं.

२०२४ मध्ये गंमत अशी, की नरकचतुर्दशी आली नेमकी ३१ ऑक्टोबरला. हॅलोविन आणि दिवाळीची पहिली अंघोळ एकाच तारखेला! आदल्या रात्री आमचे आठ वाजले होते, पुण्यात पहाटेचे साडेपाच. आई अभ्यंगस्नान उरकून, केस पुसत व्हिडिओ कॉलवर. टेबल बघून पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच, ‘अगं दिवाळीत घरात भुतं कशाला मांडलीत?’ लेकीने फोन सांगाड्यापाशी नेला. आईने चष्मा लावला, बघितलं, आणि मग तिचं तिलाच काहीतरी सुचलं. म्हणाली, ‘थांब, तुला माझा राक्षस दाखवते.’ आणि कॅमेरा खाली, बाथरूमच्या दारापाशी. तिथे फुटलेलं कारीट. डाव्या अंगठ्याखाली नरकासुर कसा फोडायचा याचं आजीने साभिनय वर्णन केलं, गुडघा दुखत असताना. कन्यारत्न थक्क. ‘आजी, तुझा राक्षस केवढा आहे?’ ‘सुपारीपेक्षा जरा मोठा,’ आई म्हणाली. दोघींनी मापं जुळवली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग भोपळा एक्स्प्रेस दाखवली. हिरवं लुगडं आईने लगेच ओळखलं. ‘मी एवढी जाड नाही हं,’ एवढंच म्हणाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला एवढ्या लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलंय. त्यामुळे लेकीकडे यायची तिची सध्या हीच एक गाडी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रिक-ऑर-ट्रीटला निघालो. कोपऱ्यावरच्या घरी जायचं की नाही हे मी विचारलं नाही. ती पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली, थांबली, मान वर करून बघितलं. बराच वेळ. मग मला म्हणाली, ‘हा खूपच मोठा आहे. आपला बरा आहे.’ दारापर्यंत काही गेली नाही. घरमालकच खाली येऊन चॉकलेटं देऊन गेला. सोमवारी बसच्या थांब्याकडे जाताना एक डोळा उघडा होता. मी मोजला.

शुक्रवारी रात्री मोडतोड. खरं तर मोडतोड नाहीच, फेरबदल! सांगाडे, चेटकिणी, नारिंगी माळा पाऊण तासात खोक्यात. रूळ आणि डोंगर तसाच. डोंगराला बुरूज लावले, वर पुण्याहून आणलेले महाराज, वाटेवर मावळे. शाडूचे मावळे साताठ सेंटिमीटरचे, म्हणजे गाडीच्या मानाने वीस फुटी. रिव्हेट काउंटर लोकांना चक्कर येईल. अळीव आधीच एका ट्रेमध्ये कापसावर पेरून ठेवले होते, आठवड्यात हिरवेगार होतात, ती झाली गवताची कुरणं. पणत्या मात्र लेआउटवर बॅटरीच्याच. फोम पेट घेतो. खऱ्या पणत्या बाहेर पायरीवर. रविवारी भाऊबीजेला आलेल्या मित्रमंडळींनी चिवड्याच्या वाट्या हातात घेऊन किल्ल्याला प्रदक्षिणा घालणारी गाडी बघितली. भोपळा आणि म्हातारी गाडीतच होते. किल्ल्याखाली ते चालतात का, यावर नवरोबांनी शंका काढली. लेक म्हणाली, ‘ती भूत नाहीये, पॅसेंजर आहे.’

तुम्हाला करून बघायचं असेल तर पुण्यात सुरुवात सोपी आहे. कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम एकदा बघून या. तिथे हात लावायला मिळणार नाही, ते ठीकच आहे. पण गाड्या, सिग्नल, अंधारात लागणारे दिवे बघून हे डोक्यात शिरेल. मग आपल्या टेबलाची मापं घ्या.

आमच्याकडे पुढची ऑर्डर आलेली आहे. माथेरानची गाडी. तिचे रूळ दोन फुटी, म्हणजे १:८७ मध्ये सात मिलिमीटर, आणि त्या मापाचे रूळ तयार मिळणं महामुश्कील. एन स्केलचे नऊ मिलिमीटरचे घेऊन भागवावं लागेल. वळणं त्यात चांगली आवळता येतात, घाटाला बरं पडेल. नवरोबा म्हणतात, दोन मिलिमीटर जास्त होतायत. मी म्हटलं, दिवे मालवू.